दोन स्वतंत्र अनुवादक

"तुझं माहेरचं नाव काय गं?"

डॉक्टर उपासनींनी हे विचारलं तेव्हा ते डबा खात होते आणि मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. एवढ्या काळात त्यांनी माझी चौकशी पहिल्यांदाच केली होती, त्यामुळे मला बरं वाटायला लागलं होतं.

"सुलक्षा गावस," मी म्हटलं.

"आणि आताचं?"

"ऋचा खांबेटे. सर, तुम्ही रोज त्याच नावाने हाक मारता."

"ते झालं गं. दोन्ही नावांचे कागद आहेत का?"

"पदवी माहेरच्या नावाने आहे. पॅनकार्ड सासरच्या."

डॉक्टरांनी भेंडीच्या भाजीतून मान वर केली. "मग प्रश्न मिटला की. दोन अनुवादक हवे होते, दोन झाले."

पुण्यातल्या मणक्याच्या एका मोठ्या इस्पितळात मी दुभाषी होते. मोझांबिक आणि अंगोलाहून रुग्ण येत. ते पोर्तुगीज बोलत, आणि इस्पितळात पोर्तुगीज येणारी मी एकटी होते. मीही काही हौसेने शिकले नव्हते. फोंड्याच्या कॉलेजात इंग्रजीच्या यादीत माझं नाव लागलं नाही. पोर्तुगीजच्या वर्गात बारा जागा होत्या आणि चार मुली, म्हणून बाबांनी मला तिथे बसवलं. पुढे ते गावभर सांगत, की पोरीला परदेशी भाषांची ओढ आहे.

तर डॉक्टर उपासनींना त्या वर्षी लिस्बनच्या परिषदेत निबंध वाचायचा होता. विषय त्यांनी झकास काढला होता. पाठीच्या दुखण्याने माणूस किती अधू झालाय हे मोजायचा दहा प्रश्नांचा एक इंग्रजी फॉर्म होता. उठता येतं का, बसता येतं का, ओझं उचलता येतं का, झोप लागते का, असे प्रश्न. प्रत्येकाला सहा पर्याय. बेरीज करून टक्के काढायचे. शंभर म्हणजे माणूस संपला, शून्य म्हणजे तो घरी जाऊ शकतो. हा फॉर्म पोर्तुगीजमध्ये आणायचा आणि तो आमच्या रुग्णांना लागू पडतो हे सिद्ध करायचं.

"सर, पोर्तुगीजमध्ये असा फॉर्म आधीच कुणीतरी केला असेल," मी म्हटलं होतं.

"असेल. आपण केलेला नाहीये ना?"

नियम असा होता, की एका अनुवादकाने फॉर्म इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये न्यायचा. मूळ फॉर्म ज्याने कधी पाहिलेलाच नाही अशा दुसऱ्या अनुवादकाने तो उलट इंग्रजीत आणायचा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसावा. मग मूळ आणि उलटून आलेला मजकूर शेजारी ठेवून बघायचं, वाटेत काय सांडलं ते.

सुलक्षा गावसने सोमवारी सकाळी फॉर्म पोर्तुगीजमध्ये नेला. ऋचा खांबेटेने तो मंगळवारी दुपारी चहानंतर परत आणला. वाटेत एक स्वल्पविरामसुद्धा सांडला नव्हता.

आमच्याकडे आकडेमोडीला तांबोळी म्हणून एक शांत माणूस होता. त्याने दोन्ही कागद बघितले आणि चष्मा काढून पुसला.

"खांबेटे मॅडम, छत्तीस गुण जुळलेत. एवढं लग्नातही जुळत नाही."

"अनुवादक चांगले आहेत," मी म्हटलं.

"या गावसबाई कुठे असतात?"

"फोंड्याला. बाहेरच्या तज्ज्ञ आहेत."

तांबोळीने चष्मा पुन्हा घातला आणि फार प्रश्न विचारले नाहीत. त्यालाही दोन मुलं होती.

माझ्या अंतरात्म्याने फारशी कुरकुर केली नाही, हेही सांगून टाकते. तीन वर्षांपूर्वी लग्नात मंदारने ताम्हणातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने 'ऋचा' असं लिहिलं होतं. सुलक्षा हे नाव सासूबाईंना जरा जुनं वाटत होतं. पाच मिनिटांत तेवीस वर्षांची बाई पुसली गेली आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. नवी बाई शाकाहारी होती, कारण खांबेट्यांच्या घरात मासळीचं नाव काढायची सोय नव्हती. तेव्हा दोघींचा एकमेकींशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी खाली सहीनिशी लिहून दिलं, ते मला अगदीच खोटं वाटलं नाही.

फॉर्म तयार झाला. आता रुग्णांकडून तो दोनदा भरून घ्यायचा होता. आज एकदा आणि आठवड्याने पुन्हा. मध्ये काही उपचार करायचे नाहीत. माणसाची पाठ तीच, तर उत्तरंही तीच यायला हवीत. ती आली की फॉर्म विश्वासार्ह ठरतो, आणि डॉक्टर लिस्बनला जातात.

दोना एर्मेलिंदा आल्या त्या आमच्या एकोणिसाव्या रुग्ण. 'दोना' म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. वय अठ्ठावन्न, बांधा भक्कम, डोक्याला पिवळा रुमाल. मोझांबिकच्या बैरा बंदरात त्या बाजारात बसून सुकी मासळी विकत. सोबत मुलगा नेलितू होता. तो तिथल्या एका कोळसा कंपनीत सुपरवायझर होता, आणि कंपनीच्या विम्यातून आईचं ऑपरेशन करायला त्याने तिला समुद्र ओलांडून आणलं होतं. विमेवाल्यांना नुसता मणक्याचा फोटो पुरत नव्हता. त्यांना आकडा हवा होता, चाळीसच्या वरचा, आणि तो डॉक्टरांच्या नव्याकोऱ्या फॉर्मवरचा चालेल असं त्यांनी कबूल केलं होतं.

पहिल्या दिवशी मी प्रश्न वाचत होते आणि नेलितू आईचा हात धरून बसला होता.

"ओझं उचलता येतं का?"

दोना एर्मेलिंदा आधी मुलाकडे बघत. "नाही. अजिबात नाही."

"उभं राहता येतं?"

"दहा मिनिटं. मग आग होते."

"झोप?"

"झोप कसली."

दर उत्तराला नेलितूचा चेहरा दुःखी होत होता आणि थोडा समाधानीही. आपण आणलं ते योग्यच केलं, असं त्याला वाटत असणार. आठवा प्रश्न नवराबायकोच्या संबंधांचा होता. तो मी मुलासमोर आईला विचारू शकले नाही. मराठी मुलीला पोर्तुगीजमध्येही लाजता येतं. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "सरासरी टाक."

बेरीज अठ्ठावन्न आली. आकडा विमेवाल्यांकडे गेला आणि दोन आठवड्यांनंतरच्या बुधवारी ऑपरेशन ठरलं. मणक्यात दोन पट्ट्या आणि सहा स्क्रू बसणार होते.

आठवड्याने मी दुसरा फॉर्म घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा नेलितू शनिवारवाडा बघायला गेला होता. खोलीत शिरल्याबरोबर मी दारातच थांबले. वास. सुकटीचा वास. खिडकीशी बसून दोना एर्मेलिंदा एका प्लॅस्टिकच्या पुडीतून सुकी कोळंबी काढून इस्पितळाच्या वरणभातात घालत होत्या. तीन वर्षांत तो वास माझ्या नाकाला लागला नव्हता. मला फोंड्याचं आमचं मागचं दार आठवलं, आणि आई चुलीवर सुकट भाजायची ते. डोळ्यांत पाणीच आलं.

"तुला हवी?" त्यांनी विचारलं.

"मी खात नाही," मी म्हटलं.

"खात नाहीस, पण नाक तर खातंय."

मी घाईने फॉर्म काढला. "ओझं उचलता येतं का?"

"किती?"

"मासळीची परात असते तेवढं."

"वीस किलो. रोज दोनदा. धक्क्यावरून बाजारात."

माझं पेन थांबलं. "दोना एर्मेलिंदा, मागच्या आठवड्यात तुम्ही नाही म्हणालात."

"मागच्या आठवड्यात नेलितू होता."

"म्हणजे पाठ दुखत नाही?"

"दुखते की. अठ्ठावन्न वर्षांची पाठ आहे, दुखणारच. सकाळी उठताना दुखते, पावसाळ्यात दुखते. मी शेकते, तेल लावते आणि जाते." त्यांनी एक कोळंबी तोंडात टाकली. "पोराने सहा महिने कागद गोळा केले. साहेबाच्या मागे लागला. चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना झाली, सगळी गल्ली निरोपाला आली. आता मी सांगू का, की बाबा, मला एवढं काही झालेलं नाही?"

आठवा प्रश्न त्यांनी माझ्या हातातून घेऊन स्वतःच वाचला. "नवरा जाऊन एकवीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "यात पाठीचा काही दोष नाही."

मी हसले, त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर सांगत होता ना, नंतर पाच किलोच्या वर उचलायचं नाही. कायमचं."

"हो."

"मग मी बाजारात जाऊन काय करू? माझी जागा तिसऱ्या दिवशी दुसरी कुणी घेईल. मी सुनेच्या घरात खुर्चीवर बसेन, आणि सगळे मला पाणी आणून देतील." त्यांनी पुडीला गाठ मारली. "मला भीती वाटते पोरी. पण नेलितूला यातलं काही सांगायचं नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. बेरीज केली तर बावीस आली.

डॉक्टर उपासनींनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. "अठ्ठावन्न आणि बावीस? विचारताना चुकलीस तू."

"सर, पहिल्या दिवशी त्या मुलासमोर बोलल्या. खरं उत्तर दुसरं आहे."

"खरं-खोटं आपण ठरवत नाही. आपण फक्त बघतो, उत्तर पुन्हा तेच येतं का." ते अगदी सौम्यपणे बोलत होते. ते कधी आवाज चढवत नसत. "मुलाला समोर बसव आणि पुन्हा विचार. हा फॉर्म टाकून दे."

"पण सर, ऑपरेशनची गरज..."

"मणका झिजलेला आहे, फोटोत दिसतोय."

"अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणाचा झिजलेला नसतो?"

"ऋचा, तुझं काम भाषेचं आहे ना?"

माझं काम भाषेचं होतं आणि पोटाचंही होतं. मंदारची कंपनी तेव्हा डळमळत होती. मी दुसऱ्या दिवशी नेलितूला समोर बसवलं आणि पुन्हा विचारलं.

"ओझं उचलता येतं का?"

दोना एर्मेलिंदांनी या वेळी मुलाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, चांगला बराच वेळ. त्यांना वाटलं असावं, की मी काहीतरी करीन. मी पेन धरून बसले होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजिबात नाही."

बेरीज अठ्ठावन्न. तांबोळी म्हणाला, "पुन्हा छत्तीस गुण, मॅडम." या वेळी त्याने चष्मा पुसलासुद्धा नाही. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. मला स्वतःची किळस आली होती, दुसरा काही सभ्य शब्द नाही त्याला.

त्या संध्याकाळी घरी मी कपाटातली माहेरची फाईल काढली. पदवीचा कागद, त्यावर माझा फोटो, दोन वेण्या घातलेली, जरा तिरसट. सुलक्षा गावस. आमच्या अभ्यासाचे नियम मीच टाईप केले होते, त्यामुळे सातवा नियम मला पाठ होता. दोहोंपैकी कुणाही अनुवादकाने हरकत घेतली, तर नीतिसमितीची बैठक होईपर्यंत फॉर्मचा वापर थांबेल आणि त्यावरून काढलेले सर्व आकडे रद्द धरले जातील. असला नियम आम्ही कुठूनतरी उतरवून घेतला होता. तो कुणी वापरेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

ऋचा खांबेटे पत्र लिहू शकत नव्हती. तिला नोकरी होती, सासर होतं, महिन्याच्या एक तारखेची वाट बघायची सवय होती. सुलक्षाला यातलं काहीच नव्हतं. ती बाहेरची तज्ज्ञ होती.

मी कॉलेजच्या जुन्या ईमेलवरून समितीला लिहिलं. मी, सुलक्षा गावस, माझा अनुवाद मागे घेत आहे. मी पुस्तकी पोर्तुगीज शिकले. मोझांबिकच्या बाजारात ती कशी बोलतात हे मला माहीत नाही. फॉर्म नातेवाइकांसमोर भरून घेतला जातो, त्यामुळे तो रुग्णाची पाठ मोजत नसून घरातली भीड मोजतो. यावरून कुणाच्याही शरीरावर सुरी चालवू नये. खाली छापील नाव घातलं आणि कागदावर सही करून तो स्कॅन केला. तीन वर्षांत ती सही केली नव्हती, पण हात विसरला नव्हता.

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होते. बैठकीत ते सहसा डोळे मिटून असत. ईमेल मात्र त्यांनी उघड्या डोळ्यांनी वाचला असावा, कारण ऑपरेशनच्या आदल्या शुक्रवारी त्यांचा दोन ओळींचा आदेश आला. फॉर्म थांबवा. गावसबाईंना पुढच्या बैठकीला बोलवा. पुढची बैठक दोन महिन्यांनी होती, आणि दोना एर्मेलिंदांचा व्हिसा तीन आठवड्यांचा उरला होता.

डॉक्टरांनी मला बोलावलं. टेबलावर डबा होता, बंद.

"हे काय आहे?"

"बाहेरच्या अनुवादकाची हरकत आहे, सर."

"बाहेरची म्हणजे तूच ना?"

"सर, आमचा एकमेकींशी संबंध नाही. तुमची सही आहे त्यावर."

"मूर्खपणा पुरे. दोघी एकच आहात हे मला माहितीये, तुलाही माहितीये."

"समितीला तसं लेखी कळवू का सर? न्यायाधीशसाहेबांना?"

डॉक्टर उपासनी हुशार माणूस होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? मग त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"तुझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय ना?" ते म्हणाले.

"ऋचाचं संपतंय," मी म्हटलं. आवाज सुलक्षाचा निघाला.

मार्चमध्ये ते संपलंच. डॉक्टरांनी तो अभ्यासच मागे घेतला, त्यामुळे गावसबाईंना बैठकीला जावं लागलं नाही. दोन वर्षांनी डॉक्टरांचा निबंधही छापून आला, दुसऱ्या अनुवादकांचा, दुसऱ्या रुग्णांचा. शेवटी आभार होते. त्यात 'श्रीमती सु. गावस आणि श्रीमती ऋ. खांबेटे' या दोघींचेही आभार मानले होते. डॉक्टर मोठ्या मनाचे होते, किंवा त्यांनी जुना कागद नीट वाचला नसावा.

त्या शुक्रवारी नेलितूला सांगण्यात आलं, की फॉर्ममध्ये तांत्रिक अडचण आली आहे आणि विम्याची मंजुरी थांबली आहे. तो फार चिडला. मी समोर उभी राहून त्याचा राग डॉक्टरांना मराठीत सांगत होते आणि डॉक्टरांची दिलगिरी त्याला पोर्तुगीजमध्ये. मध्ये दोना एर्मेलिंदा डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"काय हे," त्या मुलाला म्हणाल्या. "मी तर तयार होते."

मी इतकं चोख खोटं आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. उरलेले दिवस त्यांना व्यायाम शिकवण्यात आले. ते त्यांनी मन लावून शिकून घेतले, विशेषतः वजन उचलताना गुडघे कसे वाकवायचे ते.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी होती आणि नेलितू बॅगा ठेवत होता. दोना एर्मेलिंदांनी मला बाजूला घेतलं.

"ते पत्र लिहिणारी बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुझी कोण?"

त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. बहुधा कुणीच नसेल.

"जुनी ओळख आहे," मी म्हटलं. "मध्ये बरीच वर्षं भेट नव्हती."

त्यांनी पदराआडून काढावी तशी रुमालाआडून एक पुडी काढली आणि माझ्या हातात कोंबली. सुकी कोळंबी. "ही तिला दे. तू खात नाहीस ना, म्हणून तुला देत नाही."

"देते," मी म्हटलं.

"आणि तिला सांग, अधूनमधून येत जा म्हणावं."

टॅक्सी वळेपर्यंत मी उभी होते. मग बस पकडून घरी आले. हातपाय धुतले, तवा ठेवला, खांबेट्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी न उघडता ती अख्खी पुडी मंद आचेवर भाजायला घेतली. खोबरं, मिरची, चिंच काढून ठेवली. दोन मिनिटांत बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद झाला.

"ऋचा," सासूबाई दाराशी येऊन नाकाला पदर लावून म्हणाल्या, "हा वास कसला?"

"सुलक्षा आलीय," मी म्हटलं.